दोघींची एक वेणी

पुरानी बस्ती, रायपूर
६ सप्टेंबर २०२४

इंदे,

ओळखलं का? मी विनोदिनी. विनू. रेल्वे क्वार्टरातली, तुमच्या बाजूची. चौथीपर्यंत तुझ्या पाटीत पाहून लिहायची, ती. आता पाटी नाही, म्हणून चुका होतील, हसजो नको.

काल तुझा भाचा नीलकंठ आमच्या शेजारी लग्नाची पत्रिका द्यायले आला होता. त्यांच्या घराले कुलूप, म्हणून आमच्याकडे पाणी प्याला. बोलता बोलता म्हणे, माझी मावशीही रायपूरचीच, इंदू नाव तिचं, वर्ध्याले राहते. मी कणीक मळून राहिली होती. म्हणलं, थांब पोट्ट्या, तिची वेणी कमरेच्या खाली होती का? म्हणे, हव, आम्ही लहान असताना तिची वेणी पकडून आगगाडी खेळायचो. मंग काय, कणकेच्या हातानंच पत्ता लिहून घेतला. कागदाले लागलेली ती कणीक आहे, घाण नाही.

आज तीजा आहे, तुमच्याकडची हरतालिका. गल्लीतल्या साऱ्या बाया माहेरी गेल्या. आपलं माहेर म्हणजे ते दोन क्वार्टर, तेही पाडले, आता तिथं मोटारी उभ्या राहतात. मी म्हणलं, जायले नाही तर लिहायले तरी माहेर आहे.

तुले आठवते का ती पायरी? तुझी आई आपल्या दोघींच्या डोक्याले तेल थापायची, अन् एकदा तू आपल्या दोघींचे केस मिळून एकच वेणी घातली. तेवढ्यात दूधवाला आला, तुझ्या आईनं तुले हाक मारली, तर दोघींनाच उठावं लागलं. तू डावीकडे चालली की माझी मान डावीकडे. दूधवाल्याचं माप हसता हसता सांडलं. ती वेणी सोडवायले तुझ्या आईले संध्याकाळ झाली अन् दोघींना एकाच फणीनं मार बसला.

माझं बरं आहे. हे अर्धांगवायूनं खाटेवर आहेत, त्यांना सोडून एक रात्र कुठं जाता येत नाही, बाकी झकास. पोरगा, सून, नात पिंकी, सारे जवळ. पिंकीले मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. माझे केस म्हणशील तर कापूस झाला. तुझी वेणी कशी आहे ते पहिल्यांदा लिहिजो, बाकीचं मागून.

तुझी
विनू

*

वर्धा
१८ सप्टेंबर

प्रिय विनू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मार एकाच फणीनं बसला हे खरं, पण पहिला मला बसला होता, तेवढं दुरुस्त कर.

मी बालवाडीत शिकवत होते, आता निवृत्त. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा शेखर बँकेत आहे, त्याच्याजवळ असते. फोनचं म्हणशील तर माझ्या कानातलं मशीन फोन जवळ आणला की शिट्टी मारतं. आणि त्या व्हिडिओच्या इवल्याशा काचेत मला तुला बघायचं नाही. आपलं पत्रच बरं.

आता नीट वाच. आमचं भजनी मंडळ कोजागिरीनंतर पुरीला जाणार आहे. गाडी रायपूरला थांबते, दहा मिनिटं. तिकिटं सगळ्यांची एकत्र, त्यामुळे मला मध्ये उतरून राहता येणार नाही, आणि परतीला मंडळ दुसऱ्या वाटेनं देवदर्शन करत येणार. नव्या वर्षात शेखरची बदली गुवाहाटीला होते आहे. मीही जाणार. तिथून रायपूर या वयात काही जमायचं नाही. तू घर सोडू शकत नाहीस. म्हणजे विनू, आपल्याजवळ ती दहा मिनिटंच आहेत. स्टेशनवर येशील?

वेणी आहे हो अजून. कमरेपर्यंत. थोडी विरळ झाली इतकंच.

पण तू पांढरी झालीस? माझ्या डोळ्यांपुढे तर तुझं ते काळंभोर डोकं आहे, उन्हात निळं दिसायचं. पांढऱ्या केसांची विनू मला ओळखूच येणार नाही बघ!

तुझी
इंदू

*

रायपूर
२८ सप्टेंबर

इंदे, इंदे, इंदे,

येशील का म्हणून काय विचारते? घरात साऱ्यांना सांगून झालं. ह्यांना सांगितलं तर एका बाजूनं हसले. एकाच बाजूनं हसता येते आता, पण हसले. भाजीवालीले सांगितलं. ती म्हणे, "तोर बहिनी आथे का दाई?" मी म्हणलं हव, बहीणच समज.

पिंकी म्हणते, "आजी, फोटो मँगवा लो ना, पहचानोगी कैसे?" मी म्हणलं, काही फोटो-बिटो नको. इंदूची वेणी हजार बायांत ओळखीन मी. तोंड बदलते, अंग बदलते, पण अशी वेणी दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही. माझ्या सुनेले सांगत होती, पाय इतके मोठे मोठे टाकायची तरी वेणी पाठीवर सरळ, हालायची नाही.

अन् तू "मला, तुला" लिहायले लागली, मास्तरीण! वर्ध्याच्या पोरांनी बिघडवलं तुले. भेटशील तवा "मले, तुले" बोलजो, नाही तर मी परत जाईन.

ठेठरी करून आणते. आपल्या मागच्या क्वार्टरातली छत्तीसगढ़ी बाई द्यायची ना, बेसनाची, लांब लांब, तीच. तुझे दात आहेत ना? लिहिजो, नाही तर नरम करीन.

मले कशी ओळखायची त्याचा विचार करू नको. मी इलाज काढला आहे. पिंकीले एक सामान आणायले सांगितलं. काय ते सांगत नाही.

विनू

*

वर्धा
८ ऑक्टोबर

प्रिय विनू,

घाईत लिहिते आहे. १९ तारीख, शनिवार, दुपारची गाडी. डबा एस-पाच. दात आहेत, ठेठरी कडक कर.

मी खाली उतरेन. वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली असेल, म्हणजे तुला लांबून दिसेल. मी तुझा कापूस शोधीन. इलाज वगैरे काही करू नकोस, आहेस तशी ये.

इंदू

*

रायपूर
२० ऑक्टोबर

इंदे,

काय झालं हे? मी आली होती. देवाशपथ आली होती.

तुझं आठ तारखेचं पत्र मले काल घरी परतल्यावर भेटलं, गाडी गेल्यावर. डब्याचं अन् वेळेचं नीलकंठनं पिंकीले फोनवर सांगितलं होतं, म्हणून तरी पोहोचलो. गाडीच्या एक तास पहिले जाऊन बसलो. फलाटावर ती लाल पाटी लागते, एस-पाच इथं येईल म्हणून, तिच्या खालीच उभ्या होतो. गाडी आली तर समोर भलताच डबा! एस-पाच पार मागं गेला. पिंकी ठेठरीचा डबा घेऊन पळाली, म्हणे "आजी, आप धीरे-धीरे आओ।" अन् मी धीरे-धीरे काय, पळालीच म्हण. सारं फलाट माणसांनी भरलं होतं, मी फक्त पाठी पाहून राहिली होती. कोणाच्या पाठीवर वेणी आहे.

मध्येच एक बाई आडवी आली. म्हातारीच होती, पण अवतार पाह्यजो, पोट्ट्यासारखे बारीक केस, सलवार, चष्मा. मिलिटरीतून रिटायर झाल्यावानी. मी तिले विचारलं, "दीदी, एस-पांच किधर है?" तर ओरडून म्हणते, "पीछे है, बहुत पीछे। जल्दी जाओ!" अन् मागून पार्सलचा ठेला येत होता तर माझं कोपर धरून असं ओढलं की बस. ठेल्यातून वाचवलं, ते खरं. पण एवढं जोरात? मी पिंकीले म्हणलं सुद्धा, या वयात बाईनं केस कापले की हातही गड्याचे होतात का काय. पिंकी लय हसली.

एस-पाचमध्ये गेली तर तुमच्या मंडळाच्या बाया म्हणे, इंदूताई खाली उतरल्या. खाली कुठं? मी दारात उभी, पिंकी खिडकीशी, एकही वेणी नाही. शिट्टी झाली. डबा तुझ्या जागेवर ठेवून आली.

तू कुठं होती, इंदे? रागावली का काही? बाथरूमले गेली होती का? मी घरी येऊन ह्यांच्या खाटेजवळ बसली, तर हे त्यांच्या बऱ्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. तेवढ्यासाठी तरी केलेलं वाया नाही गेलं. पण तुले दाखवायचं होतं. काय, ते आता सांगत नाही. चिडली आहे.

विनू

*

पुरी
२२ ऑक्टोबर

प्रिय विनू,

धर्मशाळेच्या ओसरीत बसून लिहिते आहे. ठेठरी मिळाली. म्हणजे तू आली होतीस. मंडळाच्या बायका म्हणाल्या, एक आजी आणि एक मुलगी आली होती. मी विचारलं, पांढरे केस होते ना? त्या म्हणाल्या, गडबडीत पाहिलं नाही.

मी उतरले होते गं. दारात थांबले असते तर! पण वाटलं, तू त्या पाटीखाली उभी असशील, पाय दुखत असतील, आपणच पुढे जावं. म्हणून मी गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे जाऊन तोंड पाहिलं. एका गुजराती आजींना तर मिठी मारायचीच राहिली होती. इतक्यात गाडी हलली, मिळेल त्या डब्यात चढले आणि आतून आतून चालत माझ्या जागेवर आले. तिथे तुझा डबा. झाकण अजून गरम होतं.

वाटेत मला कोण भेटावं, तर एक बाई. माझ्याच वयाची असेल, पण केस असे काळे कुळकुळीत की बूटपॉलिश बरं. कानामागे आणि कपाळावर काळा डाग तसाच. ठेल्याच्या वाटेत उभी राहून मलाच विचारते, "दीदी, एस-पांच किधर है?" मशीन शिट्टी मारत होतं, पण ओठांवरून कळलं. मला राग आला. इकडे माझी दहा मिनिटं चालली आहेत, आणि ही नटवी वाट अडवून उभी. मी कोपराला धरून तिला बाजूला केलं आणि

विनू.

विनू, तुझा इलाज काय होता?

एस-पाच तर आमचा डबा. आमचा डबा ती कशाला विचारत होती, हे मी तिला का विचारलं नाही?

पुढे लिहवत नाही. हे असंच टाकते.

इंदू

*

रायपूर
२९ ऑक्टोबर

इंदे,

तुझं पुरीचं पत्र आत्ताच आलं. पहिलं एक ऐक. घरी पोहोचली की माझं वीस तारखेचं पत्र येऊन पडलं असेल. ते उघडजो नको. तुले आपल्या पायरीची शपथ. तसंच चुलीत टाक. गॅस असेल तर गॅसवर टाक. त्याच्यात काहीच नाही, नुसती माझी बडबड.

हे पत्र पहिले उघड म्हणून वर लाल पेनानं मोठं लिहिलं आहे. पिंकीनं लिहून दिलं, "अर्जेंट" म्हणून.

दिवाळीचा चिवडा जळला आज. सून म्हणते, "मम्मीजी, आप बैठो।" बसली आहे.

विनू

*

वर्धा
५ नोव्हेंबर

विनू,

दोन्ही पत्रं शेखरनं टेबलावर एकावर एक ठेवली होती. अर्जेंट खाली होतं.

मिलिटरी वाचून मी हसले आधी. खरंच सांगते. मग पुढचं वाचलं.

आता तुला खोटं सांगून काय मिळवायचं आहे? दोन वर्षांपूर्वी मला मोठं आजारपण झालं. औषधांनी सगळे केस गेले, वेणी उशीवर राहिली. बरी झाले, पण नंतर जे आले ते काथ्यासारखे आले, बोटभर वाढले की तुटतात. म्हणून बारीक ठेवते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझ्या जुन्या बालवाडीतल्या पोरांनी पाहिलं तर काहीही नाव ठेवतील म्हणून मीच हसत होते. पण तुझं पहिलं पत्र आलं आणि त्यात काय, तर वेणी. वेणी कशी आहे ते पहिल्यांदा लिही. म्हटलं, एवढ्या वर्षांनी एवढी आनंदानं विचारते आहे, तिला उशीवरची वेणी कशाला दाखवायची? लिहून टाकलं, कमरेपर्यंत.

मग खोटं खरं करायला निघाले. बाजारातून गंगावन आणलं. पिशवीत होतं. रायपूरच्या आधीचं दुर्ग गेलं आणि मी बाथरूमचं दार लावून आरशासमोर उभी राहिले, गाडीच्या त्या बेसिनपाशी. आकडे लावले, पिना लावल्या. पण त्या खोट्या वेणीला धरायला खाली केसच नाहीत. मान हलवली की खाली पडे. दोनदा बेसिनमध्ये पडलं. बाहेर बायका दार वाजवत होत्या. शेवटी गुंडाळून परत पिशवीत ठेवलं आणि ठरवलं, मीच तिला ओळखीन. तिचे केस पांढरे आहेत. मीच जाऊन सांगीन, बाई, ही मी.

आणि तू काळे करून आलीस. कारण मीच लिहिलं होतं, पांढरी विनू ओळखू येणार नाही. गमतीनं लिहिलं होतं गं. नंतर "आहेस तशी ये" लिहिलं, तर ते पोस्टात राहिलं.

सगळ्यात जास्त मले काय लागते सांगू? आपण हिंदीत बोललो. रायपूरच्या फलाटावर तू मले दीदी म्हणलं अन् मी तुले पीछे है म्हणलं. जन्म गेला आपला, अनोळखी माणूस दिसला की हिंदी. "मागं आहे वं" एवढं जरी तोंडातून निघालं असतं, तर तू थांबली असती. मीबी थांबली असती.

पाहा, मास्तरीण "मले" लिहून राहिली. तुझ्यासमोर बोलायचं होतं.

सामान बांधणं सुरू आहे. गुवाहाटीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

इंदू

*

रायपूर
१७ नोव्हेंबर

इंदे, माय,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. मध्ये मध्ये थांबून. गंगावनाशी आली तर पिंकी पाणी घेऊन उभी होती, ती म्हणे, "आजी, बस करो।" मी म्हणलं, नाही, पुरं वाचू दे. त्या गाडीच्या बेसिनपाशी माझी इंदू एकटी उभी होती, तिथं मले थोडा वेळ थांबू दे.

तू आजारी होती अन् मी इथं वेण्या आठवून खुश होऊन राहिली होती. पहिल्यांदा तब्येत विचारावं एवढी अक्कल नाही मले. तुझी वेणीच विचारली. आता विचारते. कशी आहे तू? औषध सुरू आहे का? जेवण जाते का? गुवाहाटीले थंडी असते म्हणतात, डोकं झाकून ठेवजो. बारीक केसाले वारा लवकर लागते.

मिलिटरीचं मनावर घेऊ नको. अन् बूटपॉलिशचं मी घेतलं नाही. खरंच बूटपॉलिशच दिसत होतं. पिंकी म्हणली होती, "आजी, पच्चीस की लग रही हो," अन् मी पाहा, खरं मानलं! कानामागचा डाग चार वेळा साबण लावून निघाला. आता मुळाशी अर्धं बोट पांढरं आलं आहे. वरचं काळं, खालचं पांढरं, भांगात अर्धी अर्धी. पिंकी म्हणते परत लावून देते. मी नाही म्हणलं. जसं येते तसं येऊ दे. उगीच कोणाले मले शोधताना त्रास नको.

गंगावन फेकू नको. गुवाहाटीले नेऊ पण नको. मले पाठवून दे, पार्सलनं. मी काय करीन, ते विचारू नको. माझ्या केसात गुंतवून पाहीन एखाद्या दिवशी, पायरीवर बसून. पायरी आमच्याकडेही आहे. मंग हे हाक मारतील तर उठावं लागलं की पाहीन, मान कोणीकडे जाते.

एक नवीन खूळ लागलं आहे, ते सांगते. आता बाजारात, दवाखान्यात, कुठंही बारीक केसाची म्हातारी दिसली की मी जाऊन मराठीतच बोलते. "काय माय, कोठची तू?" परवा तेलीबांध्याच्या तलावावर पिंकीनं फिरायले नेलं, तर एक पंजाबी बाई होती, तिनं घाबरून पर्सच छातीशी धरली. पिंकीले मेल्याहून मेल्यासारखं होते. म्हणते, "आजी, सबको मराठी थोड़ी आती है।" मी म्हणलं, येणाऱ्या एकीसाठी बाकीच्यांना विचारावं लागते ना बेटा.

लोक म्हणतात भेट नाही झाली. सून म्हणते, "छोड़ो मम्मीजी, नहीं मिलना था।" मी तिच्याशी भांडली. भेट झाली आमची. ठेला येत होता अन् तू मले ओढलं. चिडली होती, घाईत होती, तरी ओढलं. मले नटवी समजून वाचवलं. दुसरी असती तर निघून गेली असती.

उजवं कोपर आहे ते. मी घरी येऊन चोळलं होतं अन् तुले शिव्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काहीच उरलं नाही, डाग नाही, काही नाही. आता रोज चोळून पाहते. अजून थोडं जोरात धरलं असतं ना इंदे, तर दुखलं असतं, अन् मी वळून तुझ्या तोंडाकडे पाह्यलं असतं.

तुझी
विनू